चार घुमट, चार आकारांचे

फुजैरा शहराच्या उत्तरेस समुद्रकाठी अल बिदिया हे गाव आहे. २०२० च्या करारामुळे आम्हा इस्राएलकरांना तिकडे जाता येऊ लागले आणि तेथील जुनी मशीद पाहण्याचा योग आला. 'मशीद' हा शब्द आपल्याला परका नाही. मुंबईच्या सॅम्युएल स्ट्रीटवरचे १७९६ साली स्थापन झालेले आपले सिनेगॉगही वडीलधारी मंडळींच्या तोंडी 'जुनी मशीद'च होते.

इमारत लहान, सुमारे ५३ चौरस मीटरची. दगड, मातीच्या विटा आणि वरून गिलावा. मिनार नाही. पुरातत्त्वज्ञांनी तिचा काळ १४४६ च्या सुमाराचा ठरवला आहे. आत मधोमध एकच जाड खांब. त्याने छताचे चार भाग पडतात आणि प्रत्येकावर एक घुमट. गंमत अशी, की हे चार घुमट एका मापाचे नाहीत. कडाही कुठे सरळ नाहीत, मुलांनी ओल्या वाळूचे खोपे करावेत तशा.

आमच्यातील एक गृहस्थ म्हणाले, "काम कच्चे आहे." मला तसे वाटत नाही. काम कच्चे असते तर पाचशे वर्षे उभे राहिले नसते. जिथे भार आहे तिथे, म्हणजे खांबाला, गवंड्याने काळजी घेतली. बाकी ठिकाणी हात मोकळा सोडला. त्याने हे मुद्दाम केले की नाही, सांगता येणार नाही. पण तो हात भ्यालेला नाही, एवढे स्पष्ट दिसते. या वास्तूचा गोडवा त्यातच आहे.

शेमोथच्या विसाव्या अध्यायात दगडी वेदीविषयी आज्ञा आहे : घडवलेले दगड वापरू नयेत, हत्यार लागले की वेदी भ्रष्ट होते. हे मी अनेकदा वाचले होते. अर्थ तिथे उमगला.

शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी आम्ही मध्यरेषा आखून दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या काढत असू. पुढे शिक्षिका झाल्यावर तेच मी मुलांकडून करून घेतले. एका मुलाने काढलेली सुरई एका बाजूला झुकली होती. मी ती खोडून नीट काढून दिली. चित्र सुबक झाले, पण ते त्याचे राहिले नाही. त्याने पुन्हा मला आपणहून चित्र दाखवले नाही.

आता माझाच हात थरथरतो. आमच्या मोअदोनमध्ये चित्रकलेचा वर्ग असतो आणि निम्म्या बायका "रेघ सरळ येत नाही" म्हणून भिंतीकडेला बसून राहतात. मीही त्यांतलीच होते. फुजैराहून परतल्यावर मी ते चार घुमट आठवणीने काढले. चारही वाकडे आले. इथले लोक म्हणतात तसे, लो नोरा! ते खोडले नाहीत. पुढच्या वर्गाला शेजारणीलाही टेबलाशी बसवणार आहे.