एका कंठातील रामायण

एखाद्या कलाकृतीचा महोत्सव साजरा होतो तेव्हा नेमके काय साजरे होत असते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. ग्रंथाला पंचवीस वर्षे झाली म्हणून त्यातील एकही अक्षर बदलत नाही. गीतमालेचे तसे नसते. महोत्सवात ती पुन्हा गावी लागते, आणि पुन्हा गाणे म्हणजे पुन्हा अर्थ लावणे. ‘गीतरामायणा’चा रौप्यमहोत्सव १९७९ साली पुण्यात, रमणबागेतील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, आठ दिवस चालला. गौरवसोहळा म्हणून तो सर्वांच्या स्मरणात आहे. येथे मात्र त्याच्याकडे एक अर्थनिर्णय म्हणून पाहावयाचे आहे.

ग. दि. माडगूळकरांची शब्दरचना आणि सुधीर फडके यांची स्वररचना असलेली ही मालिका १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झाली आणि पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते सादर झाली. तिचे हे मूळ रूप अनेककंठी होते. माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे भिन्न प्रकृतीचे गायक तीत सहभागी होते. प्रत्येक गीत हे कुणा एका पात्राचे उद्गार असल्यामुळे पात्र बदलले की कंठ बदलावा, हा नभोनाट्याचा न्याय येथे लागू होता. पुढे फडके यांनी ही सर्व गीते रंगमंचावरून एकट्याने गायिली आणि त्यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. ज्या श्रोत्यांना आकाशवाणीवरील तो वर्षभराचा प्रयोग लाभला नाही, त्यांच्या दृष्टीने हे एककंठी रूप हेच मूळ ठरले. रौप्यमहोत्सवाने या दुसऱ्या रूपाला प्रमाण संहितेचा दर्जा दिला. कवी डिसेंबर १९७७ मध्येच निवर्तले होते. शब्दांचे दायित्वही आता स्वरकाराच्या कंठावर येऊन पडले होते.

या स्थित्यंतरात काही हरवले, हे मान्य करावयास हवे. कौसल्येचे वात्सल्य, शूर्पणखेचा आवेश, सीतेची व्यथा यांना त्यांचे स्वतःचे आवाज होते. ते एका पुरुषकंठात विलीन झाले की पात्रांची स्वायत्तता उणावते. नाट्य जाऊन निवेदन येते. परंतु एवढ्यावरच निकाल देणे उतावीळपणाचे होईल. आपल्याकडे रामकथा ऐकण्याची जी रीत शतकानुशतके रुजलेली आहे ती नभोनाट्याची नाही, कीर्तनाची आहे. कीर्तनकार दशरथही होतो आणि कैकेयीही होतो, पण यांपैकी कुणातही तो पूर्णतः विरून जात नाही. पात्र आणि निवेदक यांतील अंतर राखूनच तो बोलतो. पैठणच्या एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ असेच एका निवेदकाच्या मुखातून आले आहे.

याच गोदाकाठच्या प्रदेशात, आजच्या जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात, जांब हे रामदासांचे जन्मगाव आहे. १६०८ साली रामनवमीला त्यांचा जन्म झाला असे परंपरा मानते. सुंदरकांड आणि युद्धकांड यांवर त्यांनी स्वतंत्र रचना केली. जांब येथे रामनवमी येते ती देवाचा आणि कवीचा जन्मदिवस एकत्र घेऊन. कथेचा नायक आणि कथेचा गाता यांचे स्मरण तेथे एकाच तिथीला होते, आणि भाविकाला ते वेगळे करावेसे वाटत नाही. रौप्यमहोत्सवातही काहीसे हेच घडते. श्रोता रामाला हात जोडतो की माडगूळकरांना, की समोर हार्मोनियम घेऊन बसलेल्या गायकाला, हे सांगता येत नाही. भक्तीच्या क्षेत्रात हे अद्वैत सुंदर आहे. समीक्षेच्या क्षेत्रात मात्र ते अडचणीचे आहे, कारण जेथे सर्वच वंदनीय होते तेथे संहितेने विचारलेला प्रश्न ऐकू येईनासा होतो.

तो प्रश्न ‘गीतरामायणा’च्या रचनेतच आहे. पहिल्या गीतात कुश आणि लव रामाच्या सभेत रामचरित्र गातात. ज्याचे चरित्र, तोच श्रोता आहे. आणि तो आपला पिता आहे, हे गाणाऱ्या मुलांना ठाऊक नाही. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्याच मुलांना रामायण गावयास सांगतो. म्हणजे मालिका जेथे संपते तेथूनच ती सुरू झालेली असते. या वर्तुळाच्या सांध्यावर, अखेरच्या गीताच्या लगेच आधी, कवीने काय ठेवले आहे? राज्याभिषेकाचा आनंद नव्हे, तर वनात सोडून दिलेल्या सीतेचा लक्ष्मणाला विचारलेला प्रश्न. तेव्हा मुले सभेत गातात ते निव्वळ स्तोत्र नाही. आईची व्यथा, नकळत, पित्याच्या कानी घालणारी ती साक्ष आहे.

हे ध्यानात घेतले म्हणजे एककंठी रूपाचे समर्थन वेगळ्या ठिकाणी सापडते. अनेककंठी प्रयोगात सीतेचे गीत सीताच गाते आणि ते तिच्यापाशीच थांबते. एककंठी प्रयोगात ते दुसऱ्या कुणीतरी सांगितलेले सीतेचे दुःख होते. आणि हा दुसरा कुणीतरी, संहितेच्या न्यायाने, तिचा पुत्र आहे. पुरुषकंठातून येणारा सीतेचा प्रश्न जर उसना, सांगून आलेला वाटत असेल, तर तो दोष नसून संहितेच्या मूळ योजनेशी केलेली सलगी आहे. फडके यांच्या गायकीतील स्पष्ट शब्दोच्चार आणि भावनेला आवर घालणारा संयम या योजनेला अनुकूलच होता. ते पात्राचा अभिनय करीत नसत, पात्राचे म्हणणे पोहोचवीत.

मात्र हे समर्थन सशर्त आहे. गायक कुशलवांच्या भूमिकेत आणि श्रोता रामाच्या आसनावर असेल, तरच ते टिकते. महोत्सवी वातावरणात श्रोता स्वतःला भक्ताच्या जागी बसवितो. तेथून त्याला गौरव ऐकू येतो, साक्ष ऐकू येत नाही. मालिकेतून निवडक लोकप्रिय गीतेच सादर होऊ लागतात, तेव्हा तर हे वर्तुळच तुटते. भरताला उद्देशून रामाने केलेला मानवी पराधीनतेचा उपदेश आज स्वतंत्र तत्त्वगीत म्हणून ऐकला जातो. तो उपदेश करणाऱ्याच्या हातूनच पुढे एक परित्याग घडणार आहे, ही जाणीव त्या वेळी कुणाच्या मनात असते?

म्हणून ‘गीतरामायणा’च्या यापुढील कोणत्याही महोत्सवाकडून एक अपेक्षा ठेवावीशी वाटते. निवड करावयाचीच असेल, तर आरंभीचे गीत आणि अखेरची दोन गीते वगळू नयेत. पूर्वार्धातील जन्मोत्सव आणि स्वयंवर ही गीते श्रोत्यांच्या ओठांवर आहेतच. एखादे राहिले तरी चालेल. सीतेचा प्रश्न राहिला, तर गाणाऱ्या मुलांनी रामासमोर उभे राहण्याचे कारणच उरत नाही.