टांकसाळीची चूक की मातीची करणी?

विचित्र दिसणाऱ्या नाण्यांना लाखोंची किंमत येते, असे सांगणारे लेख आणि चित्रफिती गेल्या काही वर्षांत उदंड झाल्या आहेत. त्यांत नाण्याचे मोठे केलेले छायाचित्र असते, 'टांकसाळीची दुर्मिळ चूक' असा मथळा असतो आणि डोळे दिपवणारा आकडा असतो. नाण्याचे वजन मात्र सहसा नसते. लोक खिशातले नाणे निरखून पाहू लागले, याचे श्रेय या लेखनाला दिलेच पाहिजे. पण वजनाविना काढलेला निष्कर्ष आम्हाला मान्य नाही.

अमेरिकेचे पाव डॉलरचे नाणे घेऊ. १९६५ सालापासून ते तिपदरी असते : मध्ये तांबे आणि दोन्ही बाजूंना ७५ टक्के तांबे व २५ टक्के निकेल यांच्या मिश्रधातूचा एकेक थर. क्वचित एखाद्या चकतीचा एक थर ठसा उमटण्यापूर्वीच निसटतो. अशा नाण्याची एक बाजू तांबूस दिसते आणि संग्राहक त्याला चांगली किंमत देतात. पण साधे नाणेही ओल्या जमिनीत काही वर्षे पडून राहिले, की तांबूस-तपकिरी होते. नुसत्या छायाचित्रात ही दोन्ही नाणी सारखीच दिसू शकतात.

आता थोडे गणित करू. संपूर्ण नाण्यात निकेल ८.३३ टक्के असते, बाहेरच्या थरांत २५ टक्के. म्हणजे दोन्ही थर मिळून नाण्याच्या वजनाचा एकतृतीयांश भाग होतो आणि एक थर एकषष्ठांश. नाण्याचे वजन ५.६७ ग्रॅम, एक थर नसेल तर ते सुमारे ४.७ ग्रॅम भरायला हवे. मातीने केवळ रंग बदललेले नाणे इतके हलके होत नाही. आम्लाने झिजलेले नाणे हलके होते खरे, पण आम्ल दोन्ही बाजू खाते. अक्षरे बारीक व बोथट होतात. म्हणून वजन आणि अक्षरे, दोन्ही तपासावी लागतात.

कड तुटलेल्या नाण्याचेही असेच आहे. ठसा उमटवण्यापूर्वी चकतीची कड दाबून उचलतात. चकती मुळातच अपुरी कापली गेली असेल, तर तुटक्या जागेच्या बरोबर समोर हा दाब नीट बसत नाही आणि तिथली कड बहुधा पुसट राहते. नंतर कानस लावलेल्या नाण्याची समोरची कड शाबूत असते.

थोडक्यात, 'हे वेगळे आहे' एवढ्यावर थांबून चालत नाही. नाणे घडण्याच्या कोणत्या टप्प्यावर हे होऊ शकेल, आणि तसे झाले असेल तर आणखी कोणती खूण दिसली पाहिजे, हे विचारावे लागते.

हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव वापरून लोकांकडून शुल्क उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला होता.

शिक्षकांनी प्रयोगशाळेतल्या तराजूवर एकाच प्रकारची दहा नाणी विद्यार्थ्यांकडून तोलून घ्यावीत. त्यांच्या वजनांत नेहमीचा फरक किती पडतो हे एकदा कळले, की अकराव्या नाण्याबद्दलचा दावा विद्यार्थी स्वतःच तपासू शकतील.