ओसाड बेटांवरची शोरूम

२००६ च्या उन्हाळ्यात अमेरिकन अपॅरल या कपड्यांच्या कंपनीने ‘सेकंड लाइफ’मध्ये दुकान थाटलं आणि तिच्या पाठोपाठ ब्रँडांची रीघ लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने २००३ मध्ये खुलं केलेलं हे आभासी जग. माणसं तिथे स्वतःचं रूप घडवून वावरत, जमीन घेत, घरं बांधत. टोयोटा, आदिदास, रीबॉक आले. निसानने तर सेंट्रा मोटारी देणारं अवाढव्य व्हेंडिंग मशीन उभारलं. वर्षभरात यातल्या अनेक जागा ओस पडल्या. ऑगस्ट २००७ मध्ये ‘वायर्ड’ मासिकाने या उधळपट्टीवर सविस्तर लिहिलं. अमेरिकन अपॅरलने त्याच वर्षी दुकान बंद केलं.

एका सर्व्हरवर एका वेळी काही डझन माणसंच मावत, ही अडचण होतीच. लाखोंच्या गर्दीची सवय असलेल्या जाहिरातदाराला ती परवडणारी नव्हती. पण खरी उणीव कल्पनाशक्तीची होती. जिथे माणूस उडतो, क्षणात हवं तिथे पोहोचतो, तिथे मोटारीचं शोरूम कुणाला हवं? तिथल्या रहिवाशांनी स्वतःच्या हातांनी गावं वसवली होती. कंपन्यांनी मात्र शहरातली दुकानं जशीच्या तशी तिथे नेऊन ठेवली. अपवाद स्टारवुड या हॉटेल कंपनीचा. ‘अलॉफ्ट’ या त्यांच्या नव्या हॉटेलांपैकी पहिलं प्रत्यक्षात २००८ मध्ये उघडलं. त्याची प्रतिकृती त्यांनी त्याआधीच तिथे बांधली आणि येणाऱ्यांच्या सूचना आराखड्यासाठी घेतल्या. हा एक जाहिरातदार ऐकून घ्यायला गेला होता. त्या सगळ्या धांदलीत मला हाच प्रयोग मोलाचा वाटतो.

त्याच उन्हाळ्यात ऑनलाइन व्हिडिओने वेगळाच धडा दिला. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या फ्रिट्झ ग्रोब आणि स्टीफन व्होल्ट्झ या दोघांनी डाएट कोकच्या १०१ बाटल्यांत ५२३ मेंटॉस टाकून कारंज्यांचा नाच बसवला. कुणी पैसे दिले नव्हते, कुणी परवानगी दिली नव्हती. मेंटॉसच्या कंपनीला आनंद झाला. कोका-कोलाने मात्र सुरुवातीला हात आखडता घेतला आणि नंतर त्याच दोघांशी हातमिळवणी केली. शेवरोलेने त्याच वर्षी आपल्या टाहो गाडीची जाहिरात लोकांनाच जुळवायला दिली, तेव्हा अनेकांनी तापमानवाढीवर बोट ठेवणाऱ्या जाहिराती बनवल्या. कंपनीने त्या संकेतस्थळावर राहू दिल्या, हे तिच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे.

या माध्यमातली कला म्हणून मी ‘डव्ह’च्या ‘इव्होल्यूशन’कडे बघतो. ऑगिल्व्ही या जाहिरात संस्थेच्या टोरांटो कार्यालयाने २००६ मध्ये केलेली ही जेमतेम सव्वा मिनिटाची फिल्म. एक साधा चेहरा रंगरंगोटी आणि संगणकाच्या करामतीतून होर्डिंगवर पोहोचतो. दुसऱ्या वर्षी तिला कानच्या जाहिरात महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, आणि ते रास्तच होतं. लोकांनी ती एकमेकांना पाठवली, कारण ती त्यांना काही तरी दाखवत होती. पण तिच्यामागच्या युनिलिव्हरची भारतीय कंपनी त्याच काळात इथल्या मुलींना ‘फेअर अँड लव्हली’ विकत होती, हे आपण भारतीय प्रेक्षक विसरू शकत नाही. फिल्म खरी आणि तिचा धनी दुटप्पी, हे दोन्ही एकाच वेळी मान्य करावं लागतं.

दीड दशकानंतर आभासी जगं परतली, तेव्हा जाहिरातदार बरंच शिकले होते. मे २०२१ मध्ये ‘रोब्लॉक्स’ या ऑनलाइन खेळांच्या मंचावर गुच्चीने दालनं उघडली. आत शिरणारा पुतळ्यासारखा कोरा होई आणि दालनागणिक त्याच्या अंगावर नवे रंग, नव्या नक्षी उतरत. दुकान नव्हे, खेळ. स्थळाचा स्वभाव ओळखून केलेलं हे काम सेकंड लाइफच्या शोरूमपेक्षा कितीतरी सरस होतं. तिथली एक डिजिटल पिशवी पुढे चार हजार डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली, म्हणजे खऱ्या पिशवीपेक्षाही महाग.

मला काळजी वाटते ती इथेच. रोब्लॉक्सवर लहान मुलांची गर्दी असते. वॉलमार्टने सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे दोन दुनिया उभारल्या. त्यातल्या खेळण्यांच्या दुनियेत खेळ कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते हे मुलांना कळणार नाही, अशी तक्रार ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या संस्थेने केली. २०२३ मध्ये ती दुनिया काढली गेली. जाहिरात खेळात पूर्ण विरघळली की तिची कारागिरी वाढते आणि तिला ओळखण्याचा प्रेक्षकाचा हक्क तेवढाच आटतो. टीव्हीवर निदान मालिका थांबत असे.

आपल्याकडे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले. पैसे घेऊन केलेल्या रीलवर तसं स्पष्ट लिहिणं त्यामुळे अपेक्षित झालं. आभासी खेळांतही तेवढंच कडक काही हवं. ही जाहिरात आहे हे मूल आत शिरण्याआधी दारावरच, त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेलं असावं. आत विकल्या जाणाऱ्या वस्तूची किंमतही खेळातल्या नाण्यांत नव्हे, रुपयांत दिसावी.