डॉल्बी हळू का वाजते?

(पेडगाव, जि. परभणी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वाक्ये शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)



पेडगावला व्याख्यान आहे म्हटल्यावर मित्रांनी एकच विचारलं, "वेड पांघरून जाणार, की तसाच?" (हशा) म्हणीतलं पेडगाव हे, की श्रीगोंद्याकडचं, हा वाद आज नको. पण ती म्हण मला शेवटी लागणार आहे, एवढं लक्षात ठेवा.

विषय आहे घरी सिनेमा पाहताना येणारा आवाज. डोळे मिटून बसलात आणि रुळावरून गाडी गेली, तर ती परभणीकडे गेली की मानवत रोडकडे, हे तुम्हाला न बघता सांगता येतं. कानाला दिशा कळते. सिनेमात तीच दिशा तयार करायला समोर तीन स्पीकर, मागे किंवा बाजूला दोन, आणि खर्जासाठी एक वेगळा ठेवतात. याला फाइव्ह पॉइंट वन म्हणायचं. इथवर सोपं आहे.

भांडण पुढे आहे. ब्लू-रे डिस्क २००६ साली बाजारात आली. तिच्यावर बहुस्पीकरी आवाज मूळचा जसाच्या तसा ठेवायच्या तीन पद्धती आहेत : एलपीसीएम, डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ. तिन्ही 'लॉसलेस'. आणि यातली भारी कुठली, यावर शौकीन लोक गेली कित्येक वर्षं भांडताहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे भांडण चुकीच्या जागी चाललंय, आणि त्यात आपल्यासारख्यांचे पैसेही चुकीच्या जागी जाताहेत.

लॉसलेस म्हणजे काय, हे परभणी जिल्ह्यात मी वेगळं काय सांगणार? जिनिंगमध्ये १७० किलो रुईची गाठ दाबून बांधतात. मोकळ्या रुईला अख्खी खोली लागते, गाठ कोपऱ्यात मावते. उघडून परत वजन केलं तर १७० किलोच. तूट शून्य. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या अशा दोन गाठी. बांधायची रीत वेगळी, आतला माल तोच. एलपीसीएम म्हणजे न बांधलेली, मोकळी रुई.

आकडे पाहू. सहा चॅनेल, २४ बिट, सेकंदाला ४८,००० नमुने. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ६९ लाख बिट होतात. दोन तासांच्या सिनेमाला सहा जीबीच्या थोडं वर. ब्लू-रे डिस्क २५ किंवा ५० जीबीची, त्यामुळे एवढी जागा चित्राला दिलेली बरी, म्हणून गाठ बांधायची. ब्लू-रेवर ट्रूएचडीची कमाल मर्यादा सेकंदाला १८ मेगाबिट, डीटीएस-एचडीची साधारण साडेचोवीस. दुकानात हेच आकडे तोंडावर फेकतात, "साहेब, हे बघा, हिचा आकडा मोठा." अहो, तो पोत्याचा आकार झाला. रुई किती, ते सांगा ना! मूळ आवाज एकच असेल, तर दोन्ही गाठी उघडल्यावर एकूण एक बिट सारखा निघतो. ही मताची गोष्ट नाही, मोजून बघता येते.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो काय खोटा? नाही. मलाही आला होता. एका मित्राकडे डिस्क होती, तिच्यावर एलपीसीएम आणि ट्रूएचडी दोन्ही होते. आम्ही बटण दाबून इकडून तिकडे केलं. एलपीसीएम भरदार, ट्रूएचडी जरा मवाळ. झालं! पुढची दोन वर्षं मी ज्याला त्याला सांगत सुटलो की ट्रूएचडीत दम नाही.

दम होता. आवाज कमी होता.

डॉल्बीच्या प्रवाहात एक सूचना दडलेली असते. तिला डायलॉग नॉर्मलायझेशन म्हणतात. वेगवेगळ्या सिनेमांतली बोलणी साधारण एका पातळीवर ऐकू यावीत, दर वेळी रिमोट शोधायला लागू नये, हा तिचा हेतू. सूचनेत उणे ३१ असेल तर यंत्र आवाजाला हात लावत नाही. उणे २७ असेल तर सगळा आवाज चार डेसिबलने खाली आणतं. सगळाच, एका मापाने. तूट कसलीच नाही, पातळी तेवढी खाली. तशी सोय डीटीएसमध्येही आहे, पण तिथे ती क्वचितच वापरलेली दिसते. एलपीसीएममध्ये अशी सूचनाच नसते. आणि माणसाच्या कानाची खोड अशी की चार डेसिबल मोठा आवाज त्याला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. आम्ही आवाजाचं बटण चार घरं वर नेलं आणि परत ऐकलं. फरक संपला. दोन वर्षांचं माझं ज्ञानही संपलं. (हशा)

आता यातली गंमत बघा. आपल्याकडे 'डॉल्बी' कशाला म्हणतात? वरातीतल्या, मिरवणुकीतल्या त्या भिंतींना. छाती हादरली पाहिजे, खिडकीची काच वाजली पाहिजे, ती डॉल्बी. पोलिसांच्या नोटिशीतसुद्धा डॉल्बीबंदी असते. एका कंपनीचं नाव आपण 'मोठा आवाज' या अर्थाने मराठीत घेतलं. आणि घरातल्या डिस्कवर तीच डॉल्बी हळू वाजते म्हणून आपण तिला नापास करतो! वरातीतला कान घेऊन आपण दिवाणखान्यात बसलोय. माझी तक्रार आहे ती या कानाबद्दल, पद्धतींबद्दल नाही.

तिघींत काहीच फरक नाही, असंही म्हणत नाही. वापरात आहे. डीटीएस-एचडीच्या एकाच प्रवाहात पोटात जुना डीटीएस असतो, त्यामुळे जुना रिसीव्हर तेवढा भाग उचलून काम भागवतो. ट्रूएचडीला तसं पोट नाही, म्हणून ब्लू-रेवर तिच्या सोबतीला साधा डॉल्बी डिजिटल ठेवावाच लागतो. छताकडून येणारा अॅटमॉसचा आवाज डिस्कवर ट्रूएचडीच्या पाठीवर बसून येतो, तर डीटीएस एक्स मास्टर ऑडिओच्या. एलपीसीएमला उलगडायची भानगड नाही, पण जागा खाते. निवडायचं तर या गोष्टींवर निवडा.

आणि खरी तूट कुठे होते, ते बघा. पहिली, केबलमध्ये. प्लेअर आणि रिसीव्हर यांच्यात ऑप्टिकल केबल असेल, तर तिच्यातून बहुस्पीकरी लॉसलेस आवाज जातच नाही. जातो तो गाळलेला : डॉल्बी डिजिटल सेकंदाला फार तर ६४० किलोबिट, डीटीएस बहुधा १,५०९. डीटीएस भारी, हा लौकिक या जुन्या आकड्यांच्या काळातला आहे. तिथे वादाला थोडी तरी जागा होती, लॉसलेसमध्ये ती उरत नाही. तेव्हा आधी एचडीएमआय केबल लावा. दुसरी तूट खोलीत. वर पत्रे, खाली फरशी, डोक्यावर गरगरणारा पंखा. अशा खोलीत आवाज आपटून परत येतो आणि बोलणं गढूळ होतं. एक जाड सतरंजी, एक पडदा, आणि मधला स्पीकर टीव्हीच्या मागून काढून पुढे ठेवणं, याने जेवढा फरक पडतो तेवढा या तीन नावांनी पडत नाही.

तिसरी तूट मला जास्त लागते. 'सैराट' आठवा, २०१६ चा. त्याचं संगीत अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं. पूर्वार्धात तो सगळा वाद्यवृंद अंगावर येतो. आणि शेवटी? ते लहान मूल दारातून बाहेर चालत येतं तेव्हा आवाजच काढून घेतलेला आहे. त्या भरलेल्या आवाजात आणि या शांततेत जेवढं अंतर, तेवढा तो सिनेमा. आता हाच सिनेमा टीव्हीवर 'रात्रीचा मोड' लावून बघा. तो मोठा आवाज खाली दाबतो, बारीक आवाज वर उचलतो. अंतरच मेलं! फाइल लॉसलेस असो नाहीतर नसो, मग सिनेमाचंच नुकसान झालं.

आपले मराठी सिनेमे घरी आले ते बहुतेक व्हीसीडी-डीव्हीडीवरून. व्हीसीडीचा आवाज म्हणजे दोन चॅनेल, २२४ किलोबिट. आता मोबाइलवरून येतात, तोही आवाज गाळलेलाच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनी शिकलेली आपली मुलं थिएटरसाठी जीव ओतून मिश्रण करतात, आणि घरी त्याची बिनतूट प्रत क्वचितच पोचते. परदेशी डिस्कवरच्या दोन सारख्या गाठींवर भांडण्याऐवजी, आपल्या सिनेमाची एक तरी पूर्ण गाठ घरी का येत नाही, हे निर्मात्यांना विचारा की!

एका मुलाने मघाशी बाहेर विचारलं, "सर, मग घ्यावं कोणतं?" बाळा, डिस्कवर जे असेल ते लाव. दोन्ही आवाज एका पातळीवर आणल्याशिवाय निकाल देऊ नकोस. 'रात्रीचा मोड' बंद कर. आणि दुकानदार पातळी न जुळवता "ऐका, फरक ऐका" म्हणाला, तर समजून जा, त्याला सगळं ठाऊक आहे. तो वेड पांघरून आलाय. आपण पेडगावातच बसलोय, आपल्याला ती चाल कळायला पाहिजे. (हशा, टाळ्या)