सुभद्रेची झोप

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात बाळंतपणाचा विषय कशाला, असे एखादा वाचक विचारील. ज्या उपचारात काढा नाही, शस्त्र नाही, सुई नाही, सारे कार्य बोललेल्या शब्दांनीच व्हावयाचे असते, त्याची परीक्षा करण्याचा थोडाफार अधिकार शब्दांच्या परीक्षकासही असावा, एवढेच आमचे त्यावर उत्तर आहे. संमोहनाने अथवा अंग सैल सोडण्याच्या अभ्यासाने गर्भिणीची प्रसूतीसाठी तयारी करून घेण्याची पद्धत ह्याच जातीची आहे. गेल्या नव्वद-पंचाण्णव वर्षांत पश्चिमेकडे तिच्यावर पुष्कळ पुस्तके झाली. इकडे अलीकडच्या काळात 'गर्भसंस्कार' ह्या नावाचे एक वाङ्मय मराठीत फोफावले. आता पुण्या-मुंबईप्रमाणे आमच्या नाशकातही असे वर्ग भरतात, आणि श्वासोच्छ्वास, संगीत, मंत्र, संमोहन हे सारे एकाच ताटात वाढले जाते. वाढणारांस ही पक्वान्ने एकाच स्वयंपाकघरातली वाटतात. आम्हांस तसे वाटत नाही, व का वाटत नाही ते येथे सांगावयाचे आहे.

गर्भसंस्काराच्या बाजूने पहिला साक्षीदार म्हणून नेहमी अभिमन्यू पुढे केला जातो. सुभद्रा गर्भवती असता अर्जुन, कोणाच्या मते श्रीकृष्ण, तिला चक्रव्यूहाची रचना समजावून देतो. प्रवेशापर्यंतचा भाग होतो न होतो तोच तिचा डोळा लागतो. पोटातले मूल अर्धेच शिकते आणि पुढे त्या अर्धवट विद्येपायी रणात मारले जाते. कथा मोठी हृद्य आहे. पण द्रोणपर्वात युधिष्ठिर अभिमन्यूला व्यूह फोडावयास सांगतो, त्या प्रसंगी तो मुलगा एवढेच म्हणतो की, आत शिरण्याचा उपाय पित्याने मला शिकविला आहे, बाहेर पडण्याचा नाही. आईच्या झोपेचा तेथे उच्चारही नाही. अर्थात् शिकवणी अपुरी राहिल्याचा दोष, असलाच तर, शिकविणाऱ्याकडे जातो. लोककथेने तो उचलला आणि थकलेल्या गर्भिणीच्या माथी मारला. दिवस भरत आलेल्या बाईला युद्धशास्त्रावरील व्याख्यान ऐकताना झोप येऊ नये, अशी अपेक्षा करणारा समाज तिच्याकडून आणखी काय काय अपेक्षील, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

ही दृष्टी केवळ लोककथेची असती तर तिचे एवढे अगत्य नव्हते; परंतु शास्त्रातही ती आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय, 'जातिसूत्रीय' नावाचा, प्रत्येक जिज्ञासूने मुळातून वाचावा अशा योग्यतेचा आहे. त्याच्या पूर्वभागात गर्भिणीच्या कोणत्या वागणुकीमुळे कसले अपत्य होते ह्याची एक भयंकर यादी दिलेली आहे. सदा झोपणारीचे मूल सुस्त, मंदबुद्धी व मंदाग्नी होते. भांडखोर स्त्रीचे अपस्माराने पीडित होते. नित्य शोक करणारीचे भित्रे, कृश किंवा अल्पायुषी होते. शोक करणाऱ्या बाईला शोक का झाला, हा प्रश्न यादी करणारास पडलेला दिसत नाही. डोहाळ्यांचे तेच. 'दौहृद' ह्या शब्दात दोन हृदयांची सुंदर कल्पना आहे खरी; पण बाईची इच्छा पुरवावयाची ती प्रामुख्याने दुसऱ्या हृदयाची इच्छा म्हणून.

मराठीतील आजचे गर्भसंस्कार-वाङ्मय ह्या पूर्वभागाचे वारस आहे. त्यात सर्वांत गाजलेला ग्रंथ कार्ल्याचे कै. बालाजी तांबे (1940-2021) ह्यांचा 'आयुर्वेदीय गर्भसंस्कार'. त्याची लोकप्रियता उगाच नाही. आहार, विश्रांती, योग, संगीत ह्यांविषयी घरातल्या वडीलधाऱ्याने सांगावे अशा प्रेमळ सुरात तो बोलतो, आणि एकत्र कुटुंब मोडल्यावर जी पोकळी राहिली ती भरून काढतो. मात्र ह्या साऱ्या वाङ्मयाचा भर अपत्यावर आहे. आईने शांत राहावयाचे ते मूल शांत व्हावे म्हणून. राग ऐकावयाचा तो मुलाच्या कानांसाठी. गर्भाला अखेरच्या महिन्यांत ऐकू येते, आणि जन्मलेले मूल आईचा आवाज ओळखते, हे आधुनिक प्रयोगांनीही दाखविले आहे. पण आवाज ओळखणे निराळे आणि व्यूह शिकणे निराळे. ह्या दोहोंतले अंतर कल्पनेने भरून काढले की नऊ महिन्यांची शाळा सुरू होते, आणि तिच्यात नापास होण्याची धास्ती फक्त एकाच व्यक्तीस असते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. संमोहनाचा इतिहास हिंदुस्थानातूनही जातो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कंपनी सरकारचा स्कॉटिश शस्त्रवैद्य जेम्स एस्डेल ह्याने 1845 मध्ये बंगालात हुगळी येथे रोग्यांना मोहनिद्रेत घालून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. त्याची भिस्त मात्र शब्दांपेक्षा हातांवर होती. रोग्याच्या अंगावरून तासन् तास हात फिरवावे लागत. 1846 मध्ये ईथर आले, 1847 मध्ये सिम्सनने प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरले, आणि मोहिनीविद्या मागे पडली. 'हिप्नॉटिझम' हे नाव जेम्स ब्रेडने ग्रीकांच्या निद्रादेवतेवरून घेतले. ते फसवे आहे. संमोहित मनुष्य झोपलेला नसतो. त्याचे अवधान एका ठिकाणी गोळा झालेले असते, व म्हणूनच सांगितलेला शब्द तेथे खोल जातो.

ईथर-क्लोरोफॉर्मच्या राज्यात शब्दाची पुन्हा प्रतिष्ठापना केली ती ग्रँटली डिक-रीड ह्या इंग्रज डॉक्टराने. 'नॅचरल चाइल्डबर्थ' हे त्याचे पुस्तक 1933 चे. लंडनच्या गरीब वस्तीतील एका बाईने क्लोरोफॉर्म नाकारले व निवांतपणे मूल प्रसवले, ह्या अनुभवातून आपला सिद्धांत सुचल्याचे तो सांगतो. भीतीमुळे स्नायू ताठतात, ताठल्यामुळे वेदना वाढते, वेदनेने पुन्हा भीती वाढते. हे चक्र तोडावयाचे तर भीती घालवा आणि अंग सैल सोडावयास शिकवा. शिकागोच्या एडमंड जेकबसनने 1929 मध्येच एकेक स्नायू क्रमाने सैल करण्याची रीत ग्रंथरूपाने मांडली होती. आपल्याकडे शवासन तर केव्हाचेच आहे. नाव तेवढे गर्भिणीपुढे उच्चारण्यास अवघड, आणि उताणे निजणे शेवटच्या महिन्यांत इष्ट नसल्याने तिला ते कुशीवर करावे लागते. रशियात खारकोव्ह येथे वेल्व्होव्स्कीने संमोहनापासून आरंभ करून पुढे जागेपणीच्या शिक्षणाचा मार्ग धरला. तो 1951 मध्ये पाहून फेर्नां लामाझ ह्याने पॅरिसला नेला. अमेरिकेच्या मेरी मोंगनने 1989 मध्ये डिक-रीडचा विचार व आत्मसंमोहन ह्यांची सांगड घालून 'हिप्नोबर्थिंग' हे नाव रूढ केले.

डिक-रीडचे पुस्तक आवेशाने लिहिलेले आहे, व त्यातील माणुसकी खरी आहे. प्रसववेदना सोसणाऱ्या बाईला एकटी टाकणे हे क्रौर्य होय, असे त्याने वैद्यकाला ठणकावून सांगितले. पण त्याच्या युक्तिवादात दोन छिद्रे आहेत. सुधारणेने बिघडलेल्या स्त्रियांनाच वेदना होतात, रानटी म्हणविल्या जाणाऱ्या समाजातील स्त्री सहज प्रसवते, ही त्याची समजूत कोणा मराठी आजीपुढे मांडली असती तर ती हसली असती. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, ही म्हण काही इंग्रजी शिकलेल्या स्त्रियांनी केलेली नाही. आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्याच बाई पुढे 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या विद्यालयात आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टर झाल्या. भोळ्या निसर्गकन्येचे चित्र रंगविणारांनी हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत.

दुसरे छिद्र अधिक घातक आहे. वेदनेचे मूळ भीतीत असेल, तर जिला वेदना झाल्या ती भ्याली असली पाहिजे! म्हणजे अभ्यासात कमी पडली, विश्वास ठेवला नाही, शरीर सोडले नाही. सुभद्रेवर झोपल्याचा आरोप होता. हिच्यावर न झोपल्याचा. वेदनारहित प्रसूतीचे वचन देणारी सगळी पुस्तके ह्या खड्ड्याच्या काठावरून चालतात, आणि मोंगनपंथीयांपैकी पुष्कळ जण त्यात पडतात.

प्रयोगांची साक्ष काय आहे ती थोडक्यात पाहू. 2016 मध्ये कॉक्रेन ह्या संस्थेने नऊ प्रयोगांतील 2,954 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. संमोहनाने वेदनाशामकांचा एकूण वापर काहीसा घटत असावा. पण पाठीच्या कण्यातून द्यावयाच्या एपिड्यूरलचा घटल्याचे दिसले नाही, व स्त्रीच्या समाधानातही स्पष्ट फरक आढळला नाही. इंग्लंडात 680 पहिलटकरणींवर झालेल्या प्रयोगात, ज्याचा वृत्तान्त 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, आत्मसंमोहन शिकलेल्यांपैकी 27.9 टक्क्यांनी व न शिकलेल्यांपैकी 30.3 टक्क्यांनी एपिड्यूरल घेतले, फरक नगण्य. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी निघाली. शिकलेल्या स्त्रियांना प्रत्यक्ष प्रसूतीत भय व चिंता ही अपेक्षेपेक्षा कमी जाणवली. आमच्या मते ह्या विद्येचे खरे क्षेत्र हेच: ती वेदना घालवीत नाही, वेदनेभोवतीचा अंधार थोडा कमी करते. हेही काही लहान काम नाही. आणि अडलेली प्रसूती, रक्तस्राव, चढलेला रक्तदाब ह्यांपुढे कोणतीही शिथिलता उपयोगी पडत नाही, हे ज्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्यासारखे डोंगरी तालुके आहेत तेथे तरी स्पष्ट बोलले पाहिजे. तेथे आधी रस्ता, गाडी व डॉक्टर.

आता भाषेकडे. मोंगनच्या पद्धतीत कळ हा शब्द वर्ज्य. तिला लाट म्हणावयाचे. वेदना म्हणावयाचे नाही, दाब म्हणावयाचे. आमच्याकडील शिक्षिकाही हे उचलतात आणि 'लहर आली' असे म्हणावयास शिकवितात. मराठीत लहर राजाला येते, खेरीज विंचू चावलेल्यालाही येते. बाळंतिणीला ती का यावी हे कळत नाही. इंग्रजीत त्या फेरफारास काही कारण असेल. मराठीने तो आंधळेपणाने करू नये, कारण आपल्या भाषेने हे काम पूर्वीच करून ठेवले आहे. कळ सोसावयाची तशी कळ काढावयाचीही असते, आणि 'जरा कळ काढ' म्हणजे थोडा धीर धर. आपल्याकडे कळ नुसती येत नाही. बाई कळ देते. देणारी ती आहे, म्हणजे कर्तेपण तिचे. प्रसूती उरकली की आपण म्हणतो, 'सुटका झाली', 'बाई मोकळी झाली'. शिथिलीकरणाच्या सगळ्या परदेशी पुस्तकांत जो अर्थ पानेच्या पाने खर्चून सांगितला आहे, तो ह्या 'मोकळी' शब्दात आहे, आणि त्यात वेदना नाकारलेली नाही. शब्दानेच उपचार करावयाचा असेल, तर जे शब्द बाईने आईच्या व आजीच्या तोंडून ऐकले आहेत तेच तिच्या मनात खोल जातील. वर्गात दोन शनिवारी शिकलेला शब्द कळेच्या भरात टिकणार नाही. ध्वनिमुद्रित सूचनांत 'आपले संपूर्ण शरीर शिथिल होत आहे' अशी भाषणी मराठी ऐकू येते, तेव्हा आम्हांस तर सरकारी पत्रकाची आठवण होते.

ह्या ठिकाणी चरकाच्या त्याच आठव्या अध्यायाचा उत्तरभाग उघडावा. पूर्वभागात धाक घालणारा ग्रंथ सूतिकागृहाच्या दाराशी येताच पार बदलतो. बाईभोवती स्त्रिया असाव्यात. अनेकदा प्रसवलेल्या, मायाळू, तिला आवडणाऱ्या, विषाद टाकलेल्या, क्लेश सोसू शकणाऱ्या. काहींच्या मते तिने मुसळ घेऊन कांडावे. आत्रेय म्हणतात, नको, अशा वेळी कठोर श्रम बाधतात, तिने जांभया द्याव्यात व फेऱ्या घालाव्यात. कळ नसताना जोर करू नको, तो वाया जातो, असे तिला समजावून सांगावे. जिच्यावर तिचा लोभ आहे अशा स्त्रीने तिच्या कानात मंत्र म्हणावा. आणि ती कळ देत असताना, मूल बाहेर येण्यापूर्वीच, भोवतीच्या स्त्रियांनी प्रसवली, प्रसवली, धन्य पुत्र झाला, असा घोष करावा. त्या हर्षाने तिच्या प्राणांना पुष्टी मिळते. जे अजून घडले नाही ते घडले म्हणून सांगून शरीराला तिकडे न्यावयाचे: सूचनेचे एवढे चोख वर्णन डिक-रीडच्या पुस्तकातही सापडणे कठीण. घोषात 'पुत्र' आहे, 'अपत्य' नाही, हा डाग आहेच. जिच्या घरी मुलीचे स्वागत नाही तिला ह्या शब्दाने धीर यावयाचा की धडकी भरावयाची, हा प्रश्न जुना नाही, आजचा आहे.

गर्भसंस्काराच्या लेखकांनी ह्या अध्यायाचा पूर्वभाग घरोघर पोहोचविला आणि उत्तरभागाला त्या मानाने फार थोडी जागा दिली, ही आमची त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार आहे. कारण उत्तरभागात मुलाच्या बुद्धीची चिंता नाही, बाईची आहे. आणि पुराव्याचे पारडेही तिकडेच झुकते. प्रसूतीत अखंड सोबत मिळाल्याने काय होते ह्याचा 2017 मध्ये कॉक्रेननेच आढावा घेतला. 26 प्रयोग, पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया. कळांचा काळ थोडा घटतो, शस्त्रक्रियेने बाळंतपण करण्याचे प्रमाण घटते, अनुभवाविषयीची नाराजी घटते. संमोहनाच्या नऊ प्रयोगांतून जे निष्पन्न झाले नाही ते नुसत्या सोबतीतून झाले. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीस परवानगी दिली, आणि ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी असे सुचविले. मसुदा करणारांनी चरक चाळला होता की नाही, देव जाणे.

तेव्हा मराठीत ह्या विषयावर नवे पुस्तक कोणी लिहिणार असेल तर ते एकट्या गर्भिणीला उद्देशून लिहू नये. तिच्या उशाशी बसणाऱ्या आईला, सासूला, मावशीला, नणंदेला, आणि जेथे परवानगी असेल तेथे नवऱ्यालाही उद्देशून लिहावे. कानाशी काय बोलावे, केव्हा गप्प राहावे, पाठ कोठे चोळावी, बाई ओरडली तर तिला 'ओरडू नकोस' म्हणू नये, इतक्या साध्या गोष्टी त्यात असाव्यात. पृष्ठे फार होणार नाहीत. त्यात अभिमन्यूची गोष्ट घालण्याचा मोह लेखकाला आवरलाच नाही, तर निदान व्याख्यान मध्येच थांबवून सुभद्रेच्या अंगावर पांघरूण घालणारा अर्जुन तरी त्याने रंगवावा.