‘ब्रुक’ आणि किद्रोनचा ओहोळ

इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्याकडील बहुतेकांना ‘ब्रुक’ हा शब्द प्रथम भेटतो तो टेनिसनच्या १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेत. तेथे तो खळखळत, वळणे घेत, मासे आणि फुले सोबत घेऊन नदीकडे धावतो. मनुष्याचे आयुष्य सरते, प्रवाह मात्र सरत नाही, हा त्या कवितेचा भाव. इंग्लंडच्या हिरव्या, बारमाही ओलाव्याच्या भूमीत हे चित्र अगदी स्वाभाविक आहे. शेक्सपिअरची ऑफेलिया बुडते तीही अशाच एका ‘ब्रुक’मध्ये.

शब्दाचे कूळ मात्र इतके निर्मळ नाही. त्याचे जर्मन व डच सगेसोयरे ‘दलदल’ हा अर्थ बाळगून आहेत. सहन करणे या अर्थाचे ‘ब्रुक’ हे क्रियापद तर सर्वस्वी निराळे. उपभोगणे, उपयोगात आणणे हा त्याचा जुना अर्थ. ‘फळ’ या अर्थाचा लॅटिन ‘फ्रुक्तुस’ त्याच्या दूरच्या नात्यातला. आज ते बहुधा नकारार्थीच वापरले जाते : अमुक गृहस्थ विरोध सहन करीत नाहीत, एवढ्यापुरते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचाही या ओढ्याशी थेट संबंध नाही. ते नाव ब्रॉकेलेन या डच गावावरून आले.

प्रदेशागणिक शब्द बदलतो. उत्तर इंग्लंडमध्ये ‘बेक’, स्कॉटलंडमध्ये ‘बर्न’. अमेरिकेत ओढ्याला ‘क्रीक’ म्हणतात. इंग्लंडमध्ये मात्र ‘क्रीक’ म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी आत येते ती चिंचोळी खाडी. आपली ‘वसई क्रीक’ या दुसऱ्या अर्थाची. आपल्याकडेही देशावरचा ओढा रत्नागिरीकडे पऱ्या होतो आणि मालवणात व्हाळ, हे वाचकांस सांगावयास नको.

खरा प्रश्न उभा राहतो तो बायबलमध्ये. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात एलिया करीथच्या ‘ब्रुक’जवळ लपतो, दावीद ‘ब्रुक’मधून पाच गुळगुळीत गोटे निवडतो आणि योहानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांसह किद्रोनचा ‘ब्रुक’ ओलांडून बागेत जातो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टेनिसनचे पाणी खळखळू लागते. मूळ हिब्रू शब्द ‘नहल’. त्यात प्रवाहही येतो आणि तो ज्या दरीतून वाहतो ती दरीही. पावसाळ्यात लोंढा, उन्हाळ्यात दगडधोंडे. पाऊस थांबला तसा करीथ आटला, एवढी साधी गोष्ट एलियाच्या कथेचा कणा आहे. ईयोब आपल्या मित्रांना अशा प्रवाहाची उपमा देतो ती याचसाठी : तहानेले काफिले आशेने वळतात आणि कोरडे पात्र पाहून खजील होतात. या ठिकाणी मनात बारमाही ‘ब्रुक’ असला तर ईयोबाचा संताप कळणारच नाही. १६०९-१० च्या कॅथलिक डुए भाषांतराने येथे आणि करीथच्या ठिकाणी लॅटिनला अनुसरून ‘टॉरेंट’ म्हटले, ते मला अधिक प्रामाणिक वाटते. लोंढा म्हटला की तो ओसरणार हेही आलेच.

योहानाचा ग्रीक शब्द ‘खेइमार्रोस’, म्हणजे हिवाळ्यात वाहणारा. गंमत अशी की इंग्रजीत याला तंतोतंत जुळणारा शब्द आहे : ‘विंटरबोर्न’. दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांत भूजलाची पातळी चढली की हे ओढे जागे होतात, उन्हाळ्यात नाहीसे होतात. डॉर्सेट आणि विल्टशायरमधील कित्येक गावांना त्यांचे नाव आहे. भाषांतरकारांनी तो घेतला नाही. स्थानिक बोलीचा शब्द शास्त्रात कसा घालावा, असा संकोच असावा.

अलीकडच्या अनेक इंग्रजी भाषांतरांनी ‘किद्रोनची दरी’ असे केले आहे. भूगोल सुधारला, पण पाणी गेले. आणि अबशालोमापासून पळताना दावीद हाच किद्रोन ओलांडतो, ते स्मरण जागवणारा प्रवाहवाचक शब्दही गेला. मराठी भाषांतरातील ‘ओहोळ’ या दोहोंपेक्षा सरस आहे. पावसात फुगणारा आणि वैशाखात ज्यातून पायवाट जाते तो ओहोळ आपल्या प्रत्येक गावाने पाहिला आहे. काही भक्तिपर लेखनात त्याच्या जागी ‘निर्झर’ येतो. शब्द गोड आहे, पण निर्झर डोंगरातून झरत राहतो. वल्हांडणाच्या त्या वसंतातल्या रात्री किद्रोनच्या पात्रात पायांखाली पाणी कमी आणि गोटेच अधिक असण्याचा संभव मोठा.