तक्त्यात नसलेला रकाना

संसर्गजन्य रोगांचा धडा आला की आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि गाइडांत एक तक्ता हमखास येतो : रोगाचे नाव, रोगजंतू, प्रसार, लक्षणे, उपाय. तक्ता सुटसुटीत आहे, लवकर पाठ होतो आणि गुणही मिळवून देतो. ‘लातूर पॅटर्न’च्या मुलखात त्याचे मोल आम्ही वेगळे सांगायला नको. आमचा आक्षेप तक्त्यात काय आहे यावर नाही, काय नाही यावर आहे. ‘जंतू शरीरात नेमके काय करतो?’ हा रकानाच त्यात नसतो.

उदाहरणासाठी डुकराचे पिल्लू घेऊ. नांदेड-लातूरकडच्या मुलांनी डुकरे पाहिलेली असतातच. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत पिल्लांना पाण्यासारखी हगवण लागते आणि कधी कधी सगळे वेतच दगावते. अनेकदा कारण असते ई. कोलाय हा जिवाणू. तक्ता इथेच थांबतो. विद्यार्थ्याची समजूत होते, की जंतूने आतडे कुरतडले.

पण तसे घडत नाही. ई. कोलाय निरोगी डुकराच्या आणि आपल्याही आतड्यात असतातच. रोग करणाऱ्या वाणांजवळ दोन गोष्टी जास्तीच्या असतात : आतड्याच्या अस्तराला चिकटण्यासाठी ‘के-८८’सारखे बारीक तंतू, आणि विष. या विषामुळे पेशीतील संदेशयंत्रणा बिघडते आणि क्षार व पाणी आतड्याच्या पोकळीत वाहत राहते. जंतू पेशीत शिरत नाही, पेशीही सहसा मरत नाही. पिल्लू मरते ते अंगातले पाणी गेल्यामुळे. स्मिथ आणि लिंगूड यांनी १९७१ मध्ये दाखवले, की चिकटण्याची आणि विषाची ही क्षमता प्लाझ्मिडवर असते आणि के-८८चे प्लाझ्मिड काढले की तोच जंतू हगवण लावू शकत नाही.

या विचाराचे मूळ आपल्याच देशात आहे. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी पटकीचे जंतू वाढवलेला द्रव गाळून पूर्ण निर्जंतुक केला आणि सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला. तुकडा पाण्याने फुगला. जंतू एकही नव्हता, होते ते फक्त विष. हा शोधनिबंध १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पिल्लांच्या हगवणीतले एक विष पटकीच्या विषाचेच जवळचे भावंड आहे. तक्त्यात पटकीची ओळ असते, पण डे यांचा प्रयोग त्यात कुठे बसणार?

हा रकाना नसल्याची किंमत मोठी आहे. जंतू म्हणजे शत्रू एवढेच कळले, की हगवण दिसताच प्रतिजैविक सुचते. पिल्लांच्या हगवणीवर अनेक देशांत कोलिस्टिन सर्रास वापरले गेले. त्याला दाद न देण्याचा, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारा गुणधर्म २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांतल्या ई. कोलायमध्येही सापडला. माणसासाठी हे औषध अखेरचा आधार असल्याने भारत सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

उलट, पेशी शाबूत असते हे कळले की जलसंजीवनीचे मर्म उलगडते. साखरेबरोबर मीठ आणि पाणी शोषण्याची वाट उघडीच राहते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी याच वाटेने पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. पिल्लांसाठी उबदार, कोरडी जागा आणि पहिला चीक का महत्त्वाचा, हेही मग समजते : डुकरिणीच्या नाळेतून प्रतिपिंडे पिल्लाला मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात.

‘विष’ हा एक शब्द पाठ करूनही भागणार नाही. क्लॉस्ट्रिडियमच्या एका प्रकाराचे विष पिल्लाच्या आतड्याचे अस्तर खरोखरच मारते आणि हगवणीतून रक्त जाते. दोन विषे, दोन रीती.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. तक्ता राहू द्या, फळ्यावर त्यात एक रकाना वाढवा आणि तो मुलांकडून भरून घ्या. अडल्यास गावच्या पशुवैद्यकांना किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारा. सगळे रोग एका वर्षात होणार नाहीत. हगवणीची एक ओळ नीट झाली तरी घरात लहान भावंड आजारी पडेल तेव्हा ती उपयोगी पडेल.